किती पेट्या झाल्या, काका?

१ फेब्रुवारी

ही वही नवऱ्याने आणून दिली. "सकाळी चहा पिताना माझ्यासमोर जे पुटपुटतेस ते यात लिही," म्हणाला, "म्हणजे मला निदान पेपर वाचता येईल." गणिताचा मास्तर आहे, त्याला सगळं वहीत सुटतं असं वाटतं. असो. वही चांगली आहे, जाड पुठ्ठ्याची.

कुणी चोरून वाचलीच तर कळावं म्हणून सांगते, मी काय करते. मोबाईलपासून गाडीपर्यंत सगळ्यात चिप असते. ती चिप बनवायला प्रचंड यंत्रं लागतात. ती यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्या कंपन्यांचे दिवस पुढे बरे असतील की वाईट, हे वर्षातून दोनदा लिहायचं, आणि ते वाचून लोक शेअर घेतात किंवा विकतात. एवढंच माझं काम. सासूबाईंना बारा वर्षं समजावतेय. कालच त्या शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून मोबाईल दुरुस्त करते."

ऑफिसात मला ज्योतिषीण म्हणतात. गेल्या सहा अहवालांपैकी पाच अगदी बरोबर आले. बाकीचे लोक कंपन्यांच्या मोठ्या साहेबांची भाषणं ऐकतात. मी पेटीवाल्या काकांकडे जाते.

यंत्र लहान ट्रकएवढं असतं, चार-पाच टनांचं, आणि नाजूक तर इतकं की धक्का लागला की संपलं. म्हणून प्रत्येक यंत्राला मापाची लाकडी पेटी लागते, आणि तिची ऑर्डर यंत्र निघायच्या चार-पाच महिने आधी द्यावी लागते. या धंद्यातली जी सर्वांत मोठी कंपनी, तिच्या पेट्या मालधक्क्यामागच्या एका शेडमध्ये तयार होतात. साहेब भाषणात काहीही बोलोत, पेटी खोटं बोलत नाही.

चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेले ती पुस्तकांचं कपाट करून घ्यायला. मग चपलांचा स्टँड. मग स्टूल, आणखी एक स्टूल, फुलझाडांची पायरी, एक पाट. घरात आता माणसांपेक्षा स्टुलं जास्त झाली आहेत. दर खेपेला निघताना सहज विचारल्यासारखं विचारते, "मग काका, किती पेट्या झाल्या यंदा?" आणि काका रंधा मारता मारता सांगून टाकतात. मी कोण, काय करते, त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. यात खोटं काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटीचा वाढदिवस. नवरा आणि दोन्ही मुलींना घेऊन जेवायला आली होती. दाटीवाटीने बसलो, तिच्या मुली स्टुलांवर. (बघा, उपयोग होतो.)

धाकटी त्याच मोठ्या कंपनीत आहे. गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा विभाग असतो, त्यात. आम्ही दोघी एकाच धंद्याच्या दोन बाजूंना लागलो तेव्हा आईने नियम घातला, "ताटावर ऑफिस नको." आई जाऊन सहा वर्षं झाली, नियम आम्ही मोडला नाही. मी तिला कंपनीचं विचारत नाही, ती मला अहवालाचं विचारत नाही.

आज मात्र भांडी घासताना ती म्हणाली, "ताई, खरं सांग ना, तुला कळतं तरी कसं ग? आमचे साहेब म्हणतात, तुझ्या बहिणीचा आपल्यात कुणीतरी माणूस आहे."

ताटं उठली होती, तेव्हा नियम मोडला असं म्हणता येणार नाही. आणि खरं लिहायचं तर मला गुदगुल्या झाल्या. चार वर्षं हे गुपित एकटीने सांभाळलंय, नवऱ्यालाही वाटतं की बायकोला फर्निचरचं वेड लागलंय. सांगून टाकलं. पेट्या, काका, स्टुलं, सगळं. धाकटी साबणाच्या हातांनी पोट धरून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग हात पुसत म्हणाली, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"फक्त तुला."

साहेब तिला फार छळत असावेत. बारीक झालीय. मी म्हटलं, सोड ती नोकरी. "घराचे हप्ते तू भरणार?" म्हणाली. जाताना दारात तिने मला मिठी मारली, आणि बराच वेळ सोडलं नाही. लहानपणी माझं घड्याळ पाण्यात बुडवलं होतं, तेव्हा अशी बिलगली होती. वय वाढलं तरी धाकटी ती धाकटीच.

२७ फेब्रुवारी

आज काकांकडे गेले ते मोठी ऑर्डर घेऊन. आठ जणांचं जेवणाचं टेबल. वाढदिवसाची ती दाटी बघून मनात आलंच होतं.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही! एरवी तीन महिन्यांत सोळा-अठरा पेट्या होतात. आज विचारलं तर काका म्हणाले, "एक्केचाळीस." मी पुन्हा विचारलं. एक्केचाळीसच. नाचायची बाकी राहिले.

काका कुरकुरत होते आणि खूशही होते. "बाई, असं काम कधी बघितलं नाही. आणि सोपं किती! आतले ठोकळे नकोत म्हणाले, रबरी गाद्या नकोत. तळाला चार इंची वासे लावायचो, तर आता म्हणतात, दीड इंची चालेल. आम्हाला काय, हात मोकळे."

त्यांची ऑर्डरची वही उघडी होती. नंबर, लांबी, रुंदी, उंची, वजन. वजनाच्या रकान्यात यंदा सगळीकडे आडव्या रेघा. "वजन नंतर कळवतो म्हणाले," काका म्हणाले. आमच्याही ऑफिसात कुणी रकाने नीट भरत नाही.

घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तळ पातळ केला म्हणजे यंत्र हलकं झालं! दोन वर्षं ज्या नव्या मॉडेलची कुजबुज चालली आहे, ते हेच. सगळ्या जगात हे मला एकटीला कळलंय, एका रंधा मारणाऱ्या माणसाकडून. नवऱ्याने विचारलं, एवढी का हसतेस? म्हटलं, आठ जणांचं टेबल येतंय. त्याने कपाळाला हात लावला.

५ मार्च

अहवाल झरझर लिहून होतोय. पुढची दोन वर्षं चढती, असं नि:शंक लिहितेय. एरवी मी 'शक्यता आहे', 'असं दिसतं' अशी कुंपणं घालून लिहिते. या वेळी नाही.

धाकटीला सहज फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाली, "ताई, या वेळी नको ना लिहूस. रजा काढ. आपण दोघीच चार दिवस कुठेतरी जाऊ. खर्च माझा."

मी म्हटलं, वेडी आहेस का, ऐन अहवालाच्या वेळी?

"दुसऱ्या कुणाला तरी लिहू दे. तू दमलीयस."

मी अजिबात दमलेली नाही. तिच्याच कंपनीबद्दल चांगलं लिहितेय आणि हिला नको! फोन ठेवल्यावर मनात आलं, धाकट्यांना मोठ्यांचं भलं झालेलं कधीकधी बघवत नाही. मग असा विचार केल्याची लाज वाटली. पण आला खरा, म्हणून लिहून ठेवते.

१४ मार्च

अहवाल गेला. आमचे मोठे साहेब स्वतः टेबलापाशी आले. "हे काय लिहिलंय," त्यांनी बोट ठेवून वाचलं, "'नव्या पिढीचं यंत्र लक्षणीय हलकं असल्याचे संकेत आहेत.' कुणाच्याच अहवालात नाही हे. कुठून काढलंस?"

मी नुसती हसले. माझ्या नोकरीतलं हे सर्वांत सुंदर वाक्य आहे.

२० मार्च

मोठ्या कंपनीच्या मुख्य साहेबांनी आम्हा अहवालवाल्यांशी फोनवर बैठक घेतली. कुणीतरी विचारलंच, नवं यंत्र हलकं आहे म्हणतात ते खरं का? ते क्षणभर थांबले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग म्हणाले, "हो, वजनावर आम्ही खूप मेहनत घेतलीय."

छाती दोन इंच फुगली.

या बैठका एरवी धाकटी चालवते. आज दुसऱ्याच कुणाचा आवाज होता. विचारलं तर म्हणे रजेवर आहे.

२ एप्रिल

कंपनीने नवे शेअर विकायला काढले आणि दोन दिवसांत संपले. ते विकायचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. साहेबांनी पेढेवाटप केल्यासारखा चेहरा करून सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्योतिषीणबाईंच्या अहवालाची करामत."

संध्याकाळी टेबल कुठवर आलं ते बघायला गेले. काका काळजीत होते. शेजारची शेड रिकामी झालीय, घ्यावी का? दोन माणसं आणखी ठेवावी लागतील. चार इंची वाशांचा एक मोठा लॉट स्वस्तात मिळतोय, तोही उचलावा का? "पण बाई, या वयात उडी मारायची आणि काम टिकलं नाही तर? बायको म्हणते, आहे ते बरं आहे."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. चार वर्षं याच्याकडून नुसतं घेतलंय. म्हटलं, एकदा तरी द्यावं.

"घ्या शेड," मी म्हटलं. "दोन वर्षं हे काम हलत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझं कामच ते आहे, काका. मी सांगते ना."

त्यांनी कानावरची चपटी लाल पेन्सिल काढली, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग घेतो. तुम्ही सांगताय तर घेतो," म्हणाले. घरी येताना फार हलकं वाटलं.

१९ एप्रिल

धाकटी फोन उचलत नाही. तिच्या मोठीने उचलला. "आईचं डोकं दुखतंय, मावशी." महिनाभर हिचं डोकंच दुखतंय.

८ मे

कंपनीचे आकडे आले. नव्या ऑर्डरी निम्म्यावर. दोन बड्या गिऱ्हाइकांनी आपले कारखाने वर्षभर पुढे ढकललेत आणि तसं जानेवारीतच कळवलं होतं. जानेवारीत! शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाने पडला. हलक्या यंत्राबद्दल अवाक्षर नाही. असं यंत्रच नाही.

दिवसभर फोन. ओरडणाऱ्यांचं काही वाटलं नाही. एक निवृत्त परिचारिका होत्या, त्या ओरडल्या नाहीत. "तुमचं नाव बघून घेतले होते हो," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिल्या. त्यांनीच फोन ठेवला.

मोठे साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "होतं असं. पुढच्या अहवालात लिही, परिस्थिती अचानक बदलली." त्यांना काय, कंपनीचे नवे शेअर विकून झालेत.

पण पेट्या? एक्केचाळीस पेट्या मी या डोळ्यांनी पाहिल्या. पेट्या झाल्या आणि यंत्रं नाहीत, असं कसं होईल? काकांनी मला वेडं बनवलं का? कुणी पढवलं होतं त्यांना? इतक्या साध्या तोंडाचा माणूस!

१० मे

सकाळीच शेडवर गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं, पण आत शिरताच तोंडातून निघालं, "काका, तुम्ही मला फसवलंत."

काकांनी रंधा खाली ठेवला. मला शेजारच्या, नव्या घेतलेल्या शेडमध्ये नेलं. छपरापर्यंत पेट्या रचलेल्या होत्या.

"परवा परत आल्या. म्हणे, जागा अडते. लाकूड तुम्हीच वापरा." त्यांनी पहार लावून एका पेटीची बाजू उचकटली. खिळे त्यांचेच होते, एकही हललेला नव्हता. आत नव्या लाकडाचा वास, आणि काही नाही. कोपऱ्यात एक चपटी लाल पेन्सिल पडली होती. "ही बघा, माझी जुनी. फेब्रुवारीपासून शोधत होतो."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं? रिकाम्या जाणार आहेत हे?"

"पहिल्याच दिवशी कळलं की. वजन न सांगता मशीनची पेटी कुणी करून घेतं का? वाटलं, प्रदर्शनात मांडायच्या असतील, नाहीतर कुणाला तरी दाखवायच्या असतील. मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतंय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना! ठोकळे नाहीत, गाद्या नाहीत, दीड इंची तळ. वहीसुद्धा बघितलीत तुम्ही." ते रागावले नव्हते, नवल करत होते. "बाई, तुम्ही दर वेळी किती ते विचारलंत. आत काय जाणार, हे एकदा विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं."

मी एका पेटीवर बसले. बसताच फळी करकरली.

"काका, पेट्या रिकाम्या हे ठाऊक असताना तुम्ही शेड कशाला घेतलीत?"

"मी कुठे घेत होतो? म्हटलं, हे दिखाऊ काम आहे, चार दिवसांत आटपेल. पण तुम्ही म्हणालात, दोन वर्षं हलत नाही. तुम्ही म्हणालात, माझं कामच ते आहे."

मग मी सगळं सांगितलं. कोण आहे, काय लिहिते, का येत होते. काका ऐकत राहिले. बराच वेळ पेन्सिलचं टोक अंगठ्याने साफ करत होते, टोक साफच होतं.

"म्हणजे ते कपाट, स्टुलं..."

"हो."

"आणि मी घरी सांगायचो," काका म्हणाले, "एक बाई येतात, त्यांना माझं काम फार आवडतं."

११ मे

कालचं अर्धं राहिलंय. आज पुढे लिहिते.

कुणालातरी दाखवायच्या असतील, असं काका म्हणाले. कुणाला? कंपनीच्या पेट्या कोण बघतं? गुंतवणूकदार बघत नाहीत, पेपरवाले बघत नाहीत. या पेट्या मोजणारी जगात एकच बाई आहे. ते एक्केचाळीस पेट्यांचं लाकूड, ते खिळे, ती मेहनत, सगळं एका बाईने मोजावं, चढता अहवाल लिहावा आणि नवे शेअर खपावेत म्हणून.

आणि ती बाई मोजते हे फक्त एकीला ठाऊक होतं. भांडी घासताना सांगितलं होतं. फक्त तुला, म्हटलं होतं.

दुपारी तिच्या घरी गेले. ती मुलींच्या गणवेशांना इस्त्री करत होती. मला बघितलं आणि इस्त्री बंद केली. मी एक शब्द बोलायच्या आत म्हणाली, "ताई, ते मला काढणार होते."

मी दार लोटून घेतलं.

"तुझे अंदाज बरोबर येतात म्हणजे मीच आतलं फोडते, असं लेखी विचारलं त्यांनी. सात दिवसांत उत्तर द्या म्हणाले. मी काय सांगणार होते? खरं तेच सांगितलं. माझी बहीण पेट्या मोजते म्हटलं. सगळे हसले. मला वाटलं, सुटले."

"रिकाम्या पेट्या बनवून घेतायत, हे कधी कळलं तुला?"

तिने गणवेशाची बाही सरळ केली. "फेब्रुवारीच्या शेवटी."

"म्हणजे मी लिहायच्या आधी."

"मी तुला नको लिहू म्हटलं होतं ना? म्हटलं होतं की नाही?"

"का नको, ते नाही म्हटलंस."

तिने गणवेशाची घडी घातली. मग काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. ती म्हणाली, "ऑफिसचं बोलायचं नाही, असं आईनेच सांगितलं होतं ना."

परक्याने केसाने गळा कापला असता तर मी कोर्टात गेले असते, चार लोकांत बोंब मारली असती. इथे कुणाकडे जाऊ? मी तिच्या दारात चपला घालत होते आणि तिची लहानी विचारत होती, "मावशी, टेबल कधी येणार? आम्ही स्टुलावर बसणार नाही हं आता."

१५ मे

चार दिवस एकच पान लिहितेय आणि फाडतेय.

पेट्या रिकाम्या होत्या असं छापलं तर कंपनीला कळणार की धाकटीने माझ्याजवळ कबुली दिली. तिची नोकरी जाईल, घर जाईल. नाही छापलं तर त्या परिचारिकाबाई आयुष्यभर समजतील की बाजारच फिरला. आणि काकांची शेड आहेच.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्टुलांकडे बघत होता. म्हणाला, "तुला काय वाटतं?" मला वाटतं की तिचे केस ओढावेत, लहानपणी ओढायची तसे. आणि हेही वाटतं की इतकी वर्षं मी बरोबर येत होते तेव्हा बोट कुणाकडे जाईल, याचा मी एकदाही विचार केला नाही. कौतुकात बुडाले होते. तिला ते सात दिवस कसे गेले असतील? मला विचारायला आली होती ती. मी गुदगुल्या होऊन सांगितलं.

ठरवलं. लिहीत नाही. साहेब म्हणाले तसं, परिस्थिती अचानक बदलली. बहीण आहे माझी. बहिणीने केलं म्हणून मीही करू काय?

१६ मे

धाकटी दुपारी ऑफिसखाली आली. समोरच्या बाकावर बसलो. मी सांगितलं, काही लिहीत नाहीये. तिच्या चेहऱ्यावर एकदम रक्त आलं. माझा हात धरला आणि रडली. मलाही रडू फुटलं. वाटलं, चला, काहीतरी वाचलं.

नाक पुसत ती म्हणाली, "मला माहीतच होतं. मी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हाच म्हणजे?"

"त्यांनी विचारलं होतं ना, तुझ्या बहिणीला नंतर कळलं तर? मी म्हटलं, ताई लिहिणार नाही. मी इथे असेपर्यंत ताई असं काही लिहिणार नाही." ती हसली सुद्धा. कौतुकाने सांगत होती.

मी विचारलं, "हे पेट्यांची ऑर्डर देण्याआधी की नंतर?"

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं. "आधी," ती म्हणाली.

मी तिचा हात सोडवून घेतला. लिफ्टची वाट न बघता चार मजले जिने चढले. पाच ओळी लिहिल्या. मार्चचा अंदाज मी पेट्या मोजून केला होता. त्या पेट्या रिकाम्या होत्या आणि मला दाखवायला बनवून घेतल्या होत्या. हलकं यंत्र वगैरे काही नाही, तो माझा मूर्खपणा. मी आत पाहिलं नव्हतं. ज्यांनी माझं नाव बघून शेअर घेतले त्यांची मी क्षमा मागते. मोठ्या साहेबांना न दाखवता सगळ्या वाचकांना पाठवून दिलं.

हे त्या परिचारिकाबाईंसाठी केलं, काकांसाठी केलं, की धाकटीवर सूड म्हणून केलं? खाली बाकावर ती अजून बसली होती. खिडकीतून दिसत होती. मी पडदा ओढून घेतला.

८ जून, रविवार

तीन आठवडे लिहिलं नाही. थोडक्यात: माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. कंपनीची चौकशी सुरू आहे. धाकटीला दुसऱ्याच दिवशी काढलं, हे तिच्या नवऱ्याने कळवलं, एका ओळीत. परिचारिकाबाईंचं पत्र आलं. "निदान सांगितलंत," असं लिहिलंय. ते पत्र कपाटात ठेवलंय, काकांनी केलेल्या.

आज टेबल आलं. मी तर विसरूनच गेले होते. चार जणांनी धापा टाकत जिन्यावरून चढवलं आणि मागून काका आले. घरातल्या सगळ्यांत नवी, सरळ, घट्ट अशी ती वस्तू खोलीच्या मध्यभागी ठेवली तेव्हा खालची फरशी दणाणली.

"वासे पडून होते," काका म्हणाले. "मशीनसाठी उचललेला लॉट. त्यातलेच लावलेत. यावर पाच टन ठेवलंत तरी हलायचं नाही."

"शेड?" मी विचारलं.

"सोडली. बायकोचं बरोबर होतं."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण काकांनी पायांना पाचर मारायला घेतली होती. हाताने टेबल हलवून बघितलं. हललं नाही. मग चारी बाजूंनी फिरून त्यांनी सवयीने मोजपट्टी काढली, माणशी किती जागा येते ते बघितलं आणि पेन्सिल कानावर ठेवत विचारलं, "आठ जण म्हणाला होतात ना? आठ म्हणजे कोण कोण?"

मी सांगायला लागले. आम्ही दोघं. सासूबाई. मुलगा, तो सुट्टीत येतो. माझी धाकटी बहीण, तिचा नवरा, तिच्या दोन...

काका थांबून ऐकत होते.

"बरं," ते म्हणाले. माणसांना घेऊन ते खाली उतरले. या खेपेला मी पेट्यांचं काही विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाच्या एका टोकाला बसून जेवलो. सासूबाई हाताने लाकूड चाचपत होत्या, फार खूश होत्या. म्हणाल्या, "केवढं ऐसपैस झालं ग! आता धाकटीला बोलाव की एकदा सगळ्यांना घेऊन. किती दिवसांत आली नाही. काही झालंय का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"ताटावर ऑफिस नको," मी म्हटलं, आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.